दोन घरांचं औषध

७ जानेवारी

सुट्या भागांच्या व्यापाऱ्यानं दरवर्षीप्रमाणे डायरी पाठवली. दरवर्षी ती घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानातच खपते, कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री, कधी न्यायला येणार, असलं टिपण्यात. यंदाची मात्र माझी. आज जे झालं ते बाहेर बोलायचं नाही अशी अट आहे आणि बोलल्याशिवाय राहणं मला जमत नाही. म्हणून इथे.

एका टेबलफॅनचं सोल्डरिंग करताना तापलेली सळई अंगठ्यावर टेकली. मी ओरडले तशा सासूबाई आतून आल्या. "आधी नळाखाली धर, पक्कड." पक्कड म्हणजे मी. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्या बंद पडलेल्या रेडिओला मी जी चिकटले ती तो बोलेपर्यंत सोडला नाही, तेव्हापासून हे नाव पडलं. मग त्यांनी फडताळातून वाटीत चिमूटभर पांढरी पूड काढली आणि माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. तो वाटी घेऊन समोरच्या घरी गेला, तिथून त्याच वाटीत पिवळं तेल घेऊन आला, आणि मग ते दोन्ही कालवून माझ्या अंगठ्यावर लावलं. आग थांबली.

या घरात येऊन इतकी वर्षं झाली, भाजल्यावरचं हे औषध शंभरदा पाहिलं, पण त्याची रचना आज पहिल्यांदा समजून घेतली. पांढरं आमच्या घरचं, पिवळं समोरच्या घरचं. आमच्या घराला पिवळं कसं होतं ते माहीत नाही, समोरच्यांना पांढरं माहीत नाही. ज्याला भाजलंय त्यानं किंवा त्याच्या माणसानं वाटी घेऊन दोन्ही दारांत जायचं आणि आपल्या घरी नेऊन कालवायचं. एका घरानं दिलं तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. जंगल सोडून इथे गावात येण्याच्याही आधीपासून यांच्या लोकांत असंच चालत आलंय. दोन वायरी दोन घरांत! हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला मी मानलं.

आणि अंगठ्याला पट्टी बांधता बांधता सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून तुला शिकवते. आता तू घे." हे ज्ञान मुलीला देत नाहीत, सुनेलाच देतात. मुलगी लग्न करून कुठल्या घरात जाईल सांगता येत नाही, सून मात्र आलेली असते.

"लिहून द्या ना आई, नकाशासारखं," मी म्हटलं.

त्या हसल्या. "लिहायचं नाही. इथेही नाही," त्या डायरीकडे बोट दाखवत म्हणाल्या. बरं, कृती लिहिणार नाही. बाकी सगळं लिहीन.

११ जानेवारी

समोरचं घर म्हणजे काकूंचं. सासूबाईंच्या जाऊबाई. दोन सख्ख्या भावांनी समोरासमोर घरं बांधली, मधे हातगाडी जाईल एवढी गल्ली. दोघे भाऊ आता नाहीत. या दोघी जावा आहेत आणि माझ्या लग्नाआधीपासून एकमेकींशी बोलत नाहीत. एक दारात झाडायला आली की दुसरी आत जाते. पण वाटी रोखलेली कधी पाहिली नाही. वाटी गेली की तेल येतं, बिनबोभाट.

नवऱ्याला विचारलं, भांडण कशावरून? तो शाळेची बस चालवतो, दिवसभर पोरांच्या गोंगाटात असतो, घरी त्याला शांतता लागते. "जुनं आहे," एवढंच म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

२० जानेवारी

पहिला धडा. बस डेपोच्या मागे कालव्याच्या काठानं जी झाडं आहेत तिथे गेलो. मी त्या रस्त्यानं हजारदा गेले असेन, झाडांकडे बघितलंही नव्हतं. आज बघितलं. एका झाडाच्या बुंध्यावर कमरेपासून खांद्यापर्यंत साल काढल्याचे तळहाताएवढे जुने वण होते, सगळे भरून आलेले, काही इतके जुने की झाडाबरोबर रुंद होऊन पसरलेले. "हा माझा," सासूबाई एकावर हात ठेवून म्हणाल्या. "हा माझ्या सासूचा. हा तिच्या सासूचा असेल." मला अंगावर काटा आला. बँकेत खातं असावं तसं या बायकांचं इथे झाड आहे, आणि एकीनंही ते मारलेलं नाही. बुंध्याभोवती गोल कधी सोलायचं नाही, तळहाताच्या बाहेर जायचं नाही, हे मी लिहू शकते, कारण हे औषध नाही, ही माणुसकी आहे.

परत येताना डेपोच्या कोपऱ्यावर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू पुढे हो. तुला रस्ता आठवतो का बघू." मी पुढे झाले. गुरू पक्का आहे, चालतानाही परीक्षा.

२ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा कृती सांगितली. गेल्या वेळी जे आधी होतं ते आज नंतर आलं. मी म्हटलं, "आई, मागच्या वेळी तर उलटं सांगितलं होतंत." त्या चिडल्या. खल माझ्यापुढे आदळून म्हणाल्या, "मग तूच सांग, तुला येतंय तर." मी खल जागेवर ठेवला.

विचार केला, हीसुद्धा परीक्षाच. उस्ताद लोक मुद्दाम चुकीचं सांगतात, चेला किती सावध आहे ते बघायला. माझ्या पहिल्या मालकानं मला उलट्या जोडलेल्या मोटारी देऊन असंच शिकवलं होतं. मी दोन्ही क्रम पाठ करून ठेवले.

१४ फेब्रुवारी

आज माझं पहिलं पांढरं.

सासूबाई शेजारी बसून होत्या. पूड करडी निघाली, पांढरी नाही. मला शंका आली, पण त्या मान हलवत होत्या. संध्याकाळी नवऱ्याचा सहकारी आला, रेडिएटरच्या वाफेनं मनगट लाल झालेलं. त्याला वाटीत पूड दिली, तो समोर गेला आणि तसाच परत आला. तेल नाही. काकूंनी वाटी घेतली, चिमूट बोटांत चोळली, पूड मातीत टाकली आणि रिकामी वाटी पायरीवर पालथी ठेवून दार लावून घेतलं.

असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं आता सासूबाई गल्लीत जाऊन तोंड वाजवणार. त्या दारात उभ्या राहिल्या, पालथ्या वाटीकडे बघत राहिल्या आणि बोलायला लागल्या. संथ, खालच्या आवाजात, कितीतरी वेळ. मला एक अक्षर कळलं नाही. ती भाषा मी या घरात कधी ऐकली नव्हती.

नवरा जेवता जेवता उठून आला. त्याचा चेहरा उतरला होता. "आई ती भाषा बोलत नाही," तो म्हणाला. "मी लहान होतो तेव्हाच सोडली तिनं."

सहकाऱ्याला दवाखान्यात पाठवलं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. समोरच्यांना जर पांढरं माहीतच नाही, तर रंगाचं एक सोडा, नुसतं बोटांत चोळून ते चुकलंय हे काकूंना कशावरून कळलं?

१६ फेब्रुवारी

अखेर नवऱ्याच्या तोंडून भांडण निघालं. बसची चावी हातात फिरवत सांगत होता, माझ्याकडे न बघता.

तो शाळेत जायला लागला तेव्हा पोरं त्याच्या बोलण्याला हसायची. मास्तरही. तो रोज रडत यायचा. एक दिवस सासूबाईंनी ठरवलं, आजपासून या घरात ती भाषा बोलायची नाही. त्याच्याशी नाही, नवऱ्याशी नाही, स्वतःशीसुद्धा नाही. काकू धावत आल्या. म्हणाल्या, पोराची जीभ कापतेस तू. सासूबाई म्हणाल्या, माझा पोरगा हसं होऊन जगणार नाही. त्यावर काकूंनी विचारलं, मग तुझ्याशी मी बोलू कुठल्या भाषेत? तेव्हापासून बोलणं बंद.

"आणि तुला?" मी विचारलं. "तुला येते का काही?"

"शिव्या येतात दोन," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

५ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो. चाचण्या झाल्या. मेंदू हळूहळू विझतोय असं काहीसं त्यांनी सांगितलं, औषधानं वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही. मी विचारलं, मग त्या दुसऱ्याच भाषेत का बोलतात? डॉक्टर म्हणाले, असं बऱ्याचदा होतं. नंतर शिकलेली भाषा आधी जाते, लहानपणची टिकते.

डेपोचा कोपरा आठवला. उलटसुलट कृती आठवली. परीक्षा! मी किती मूर्ख असावं याला काही मर्यादा? दुसऱ्याच्या पंख्याचा बिघाड कानानं ओळखते आणि घरातलं माणूस समोर बसून हरवतंय ते दिसलं नाही.

सरळ लिहून ठेवते, म्हणजे डोळ्यांपुढे राहील. पांढरं फक्त सासूबाईंना येतं. त्यांच्या आधीची कुणी उरली नाही, नंतरची मी आहे आणि मला येत नाही. त्यांच्यातून ते गेलं की गेलंच. मग समोरच्या पिवळ्यालाही काही अर्थ नाही.

९ मार्च

आज मी हरले आणि थक्कही झाले, एकाच वेळी.

सकाळी त्या स्वतःहून उठल्या, खल काढला, मला हाताला धरून बसवलं आणि शिकवायला लागल्या. सगळं त्यांच्या भाषेत. आमच्या भाषेत त्यांना गेल्या आठवड्यात "चमचा" आठवत नव्हता. त्यांच्या भाषेत कुठेही अडखळल्या नाहीत. हात कसे चालत होते! एकही हालचाल फुकट नाही. मधेच साल नाकाशी धरायच्या, काही म्हणायच्या, माझ्या नाकाशी धरायच्या. मी मान हलवली की त्यांना कळायचं की मला कळलेलं नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या, न चिडता. दोन्हीही वेळा क्रम तोच. शेवटी निघालेली पूड पिठासारखी पांढरी.

सगळं तिथे आहे. शाबूत आहे. मी काच लावलेल्या कपाटापुढे उभी आहे आणि किल्ली माझ्याकडे नाही. हात बघून बरंच उचलता येतं, पण त्या कधी साल बाजूला टाकतात आणि कधी ठेवतात ते हातावरून कळत नाही. ते त्या बोलून सांगतात.

ही भाषा समजणारं या वस्तीत आता एकच माणूस आहे. आणि नेमकं तेच माणूस आमचं पांढरं ऐकू शकत नाही, कारण त्याच्याकडे पिवळं आहे.

१२ मार्च

गेले. गल्ली ओलांडायला दोन दिवस लागले, पण गेले.

काकू दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आजार, भाषा, खल. त्या सोलत राहिल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही नुसत्या येऊन बसा. त्या बोलतील ते मला सांगा. नियम मोडतो हे कळतंय मला, पण नाहीतर औषधच जाईल."

"नाही," त्या म्हणाल्या.

मी परत वळले. खरं सांगायचं तर राग आला होता.

"थांब की. इतकी काय घाई? तिनं सांगायचं आणि मी तुला पोचवायचं, असं नाही होणार. तिच्या तोंडून निघालं ते तुझ्याच कानात पडायला हवं."

"माझ्या कानांना कळत नाही ना!"

"मग कान करून देते," काकू म्हणाल्या. "उद्यापासून. तुझ्या दुकानात. तुमच्या घरात मी पाय टाकणार नाही."

१३ मार्च

काकू आल्या, काखेत मिक्सर. "बिघडलाय," मोठ्यानं म्हणाल्या, गल्लीला ऐकू जाईल असं. मी उघडून बघितला. ठणठणीत. फक्त एक स्क्रू ढिला, आणि त्यावर सुरीच्या टोकाचे ताजे ओरखडे.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"मोठं काम आहे काकू, रोज यावं लागेल."

त्यांनी स्टूल ओढलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, पण मला वाटतं त्या खूश झाल्या.

२९ मार्च

मिक्सर झाला, टॉर्च झाली, आता भिंतीवरचं घड्याळ चालू आहे. गल्लीतले लोक म्हणतात, काकूंच्या घरावर वीज पडलीय की काय.

काय भाषा आहे ही! मला वाटलं होतं शब्द पाठ करायचे, आपल्या शब्दाला त्यांचा शब्द. पहिल्याच दिवशी विचारलं, "सालीला काय म्हणतात?" काकू म्हणाल्या, "कुठल्या?" झाडाच्या ज्या बाजूला ऊन लागतं तिकडच्या सालीला वेगळा शब्द, ओलसर राहते त्या बाजूच्या सालीला वेगळा. तळहात टेकवून गार लागली तर एक, नाही लागली तर दुसरा. सोलून हातात आल्यावर तिसरा, कारण आता ती झाडाची नाही, तुझी आहे, आणि तुझ्यावर तिची जबाबदारी आहे. नुसती "साल" असा शब्दच नाही. काकूंना तो शब्द हवा तरी कशाला, हेच कळेना. "नुसती साल कुणी बघितलीय?"

माझी करडी पूड आठवली. सासूबाईंनी आमच्या भाषेत "साल काढ" म्हटलं होतं आणि मी काढली होती. बिचाऱ्या काय करणार, आमच्याकडे एवढाच शब्द. काकूंनी तेव्हा बसून भाषांतर केलं असतं तरी औषध चुकलंच असतं. कृतीचा निम्मा भाग शब्दांच्या आत बसलेला आहे, शब्द बदलला की तो खाली सांडतो.

रात्रंदिवस डोक्यात हेच. आमच्या धंद्यात एका तारेतून एक काम होतं. यांच्या एका शब्दातून झाड, बाजू, ओल, हात आणि वागणूक एवढं सगळं वाहतं. कुणी बांधलं असेल हे? किती पिढ्यांनी झाडांपुढे उभं राहून एकेक शब्द तासला असेल? मला देवळात गेल्यावर जे वाटायला हवं आणि वाटत नाही ते या स्टुलापुढे बसून वाटतं.

४ एप्रिल

नवरा हल्ली दुपारच्या फेरीनंतर लवकर येतो. पाना शोधायच्या निमित्तानं दुकानात घुटमळतो. आज काकूंनी त्याच्याकडे न बघता दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं. तो बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे जुळवून पोरासारखा.

१० एप्रिल

धडा चालू असताना आतून सासूबाईंची हाक आली. त्या हल्ली पुष्कळदा हाका मारतात, एकच शब्द, लांबवून. मी काकूंना विचारलं, "ह्याचा अर्थ काय? रोज म्हणतात."

काकू घड्याळाचा काटा हातात धरून बसल्या होत्या. "अर्थ नाही. लाडाचं नाव आहे."

"कुणाचं?"

"होती एक. लग्न होऊन आली तेव्हा फार बडबड करायची."

मग त्यांना एकदम काम आठवलं. घड्याळ तसंच टाकून गेल्या. बहुतेक सर्दी झाली असावी, आवाज बसला होता. सासूबाईंची जुनी कुणी मैत्रीण असेल, विचारायला हवं.

२६ एप्रिल

आज कळलं!

खलापुढे बसलो होतो. त्या बोलत होत्या आणि मी नेहमीसारखी जिवाचा कान करून ऐकत होते, शब्द सुटे सुटे पकडत. आणि कधीतरी पकडणं थांबलं. त्या बोलत होत्या आणि मला कळत होतं, इतकंच. जसं कुणीही कुणाशी बोलतं तसं. त्या म्हणाल्या, ही ठेव. त्या म्हणाल्या, ही रुसलेली आहे, बाजूला कर, उद्या बघू. मी बाजूला केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी त्यांच्या भाषेत विचारलं, का रुसली? त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी.

त्यांना माझं नाव आठवत नाही आता. पक्कडही आठवत नाही. मी कोण आहे असं त्यांना वाटतं कुणास ठाऊक. पण संपूर्ण कृती त्यांनी माझ्या हाती दिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी ती घेतली. मी रडले. आनंदानं रडले, दुःखानंही, वेगळं करता येत नाही.

३ मे

मी दारामागे होते म्हणून ऐकलं.

तो आईच्या पलंगाशी बसला होता, बसचा गणवेश अंगावर. काकूंनी शिकवलेलं वाक्य त्यानं दिवसभर घोकलं असणार. त्यानं तिला तिच्या भाषेत विचारलं, आई, जेवलीस का? एवढंच. उच्चार भयंकर.

त्यांनी त्याच्या गणवेशाची कॉलर सरळ केली. मग म्हणाल्या, "हळू बोल. कुणी हसेल तुला."

"हसू दे," तो म्हणाला. हेही त्याला येत होतं.

१९ मे

काल सकाळी मी एकटीनं जाऊन साल आणली. झाडाला माझा पहिला वण झाला. तळहात टेकवला, गार लागली, तेव्हाच हात लावला. सासूबाईंना आता कालव्यापर्यंत नेता येत नाही. दुपारभर कुटत, घोटत बसले. पूड पांढरी निघाली. तरी त्या पालथ्या वाटीचा धसका गेला नव्हता.

आज कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची बायको आली, नवऱ्याच्या हाताला भट्टीचा तापलेला ट्रे लागलेला. फोड मोठा नव्हता. आधी पाण्याखाली धरायला सांगितलं आणि वाटीत पांढरं दिलं. ती समोर गेली. मी दुकानाच्या काचेआडून बघत होते. काकूंनी चिमूट घेतली, बोटांत चोळली. पुन्हा चोळली. बराच वेळ लावला बाई त्यांनी. मग आत गेल्या आणि तेल घेऊन आल्या.

माझं पांढरं पास झालं होतं.

संध्याकाळी काकू आल्या. हातात मिक्सर नाही, टॉर्च नाही. दुकानाच्या दारात नाही, घराच्या दारात. मी उंबऱ्यावर गेले.

"चुकलं का काही?" मी त्यांच्या भाषेत विचारलं.

"नाही. बरोबर आहे. पण कुटताना मधे मधे उठत होतीस."

"कशावरून?"

"दाण्यावरून. हात थांबला की दाणा बदलतो." त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. "तुझ्या सासूची पूड मी इतकी वर्षं बोटांत घेतेय. तिचा खांदा धरला होता तेव्हा मला कळलं. तुझे सासरे गेले तेव्हा महिनाभर जाड यायची, जोरच नसायचा हातात. तुझं लग्न झालं तेव्हा अशी मऊ आली होती, म्हटलं, सून आवडलेली दिसतेय. आणि वर्ष झालं, तिची पूड अधूनमधून जराशी चुकायला लागली, तेल नाकारण्याइतकी नाही. कधी हे विसरायची, कधी ते. तुम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं."

मग डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हणजे पांढरं तुम्हाला येतं."

"येतं की. आणि पिवळं तिला येतं. लग्न झालं त्या वर्षीच आम्ही चोरून सांगितलं एकमेकींना. वय काय होतं आमचं! पोटात काही राहायचं नाही."

"मग मला सरळ सांगायचंत ना!"

"माझ्याकडून घेतलं असतंस तर ते माझ्या घरचं झालं असतं. तिच्या घरी काय उरलं असतं?"

"पण काकू, इतकी वर्षं बोलत नव्हतात, दोन्ही येत होतं, तर एकटीनंच का नाही केलंत? वाटीची वाट कशाला बघायची?"

फ्यूज कशाला लागतो असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी जशी बघते तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"एकटीनं केलं असतं तर तिची खबर मला कोण देणार होतं?"

गल्लीतून एक सायकल गेली. आम्ही दोघी बाजूला झालो, पुन्हा दारात आलो.

"का उठत होतीस?" त्यांनी विचारलं.

"आई हाका मारत होत्या."

"कुणाला?"

आता ते नाव कुणाचं आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. "तुम्हाला," मी म्हटलं.

काकूंनी चपला काढल्या. एक सरळ राहिली, एक उलटी पडली, त्यांनी मागे वळून बघितलं नाही. भिंतीला हात लावत त्या आतल्या खोलीत गेल्या. पलंग करकरला, मग सासूबाईंचा आवाज आला, मग काकूंचा, मग दोघींचा एकदम.

त्या काय बोलल्या ते मला सगळं कळलं, एकही शब्द अडला नाही. मी बाहेरचं दार हळूच ओढून घेतलं आणि दुकानात जाऊन बसले.